डुक्कर फियाटच्या बंपरला एकाच पावसात गंज! बाकीचं क्रोम करायला टाकू की नको?

सांगलीचा_पंक्या

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आजोबांची १९६२ सालची फियाट ११००, सुपर सिलेक्ट. म्हणजे आपली ‘डुक्कर’. सांगलीला घरामागच्या पडवीत बावीस वर्षं उभी होती, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. तीन वर्षांपूर्वी टेम्पोत घालून पुण्याला आणली. १०८९ सीसीचं इंजिन झालं, पत्र्याचं काम झालं, रंग झाला. क्रोमपाशी गाडी अडली आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात पुढचा बंपर एका प्लेटिंगवाल्याकडे टाकला (नाव घेत नाही, उगाच वाद नको). चार दिवसांत हातात. आरशासारखा! त्यात बघून मी दाढी केली असती. गणपतीपर्यंत टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके दिसायला लागले. दिवाळीला नखाने खरवडलं तर पापुद्रा निघाला. त्याच्याकडे गेलो तर म्हणतो, “पावसात गाडी काढलीत ना? मग!”

अहो, गाडी आहे ती, शोकेसमधली बाहुली नाही.

आता मागचा बंपर, त्यावरची गार्डं, चार व्हीलकप, हेडलाइटच्या दोन रिंगा, दारांची हँडलं, डिकीचं हँडल, बोनेटवरचा बिल्ला, बाजूच्या लांब पट्ट्या आणि काचेभोवतीच्या चौकटी एवढं राहिलंय. सगळं एका गोणीत भरून ठेवलंय. कुणाला द्यायचं, काय सांगून द्यायचं आणि किती दिवस लागले की संशय घ्यायचा? पुढच्या बंपरचं आता काय करू? अनुभवी लोकांनी कृपया बोला.

तिरपागडा

फोटो दिसत नाहीयेत. कोंबड्यांचाही टाका.

अभ्या_गॅरेज

एवढी झंझट कशाला राव. आजकाल क्रोम इफेक्टचा स्प्रे मिळतो. काळा बेस, वर स्प्रे, वर क्लिअर कोट. संध्याकाळी गाडी फिरवायला मोकळे.

गाडीवेडा_नाना

अभ्या, तो स्प्रे शाळेच्या गॅदरिंगला राजाच्या मुकुटाला मारतात. लांबून चांदी, जवळून चुलीवरचं पातेलं. पंक्या, तिकडे लक्ष देऊ नकोस. इथे एक काका आहेत, ते येईपर्यंत गोणी उघडू नकोस.

भोसरीकर_काका

आलो.

३१ वर्षं प्लेटिंगच्या हौदावर काढली, भोसरीत. आता निवृत्त आहे, त्यामुळे कुणाचं दुकान चालवायचं नाहीये.

तुमच्या बंपरचं काय झालं ते फोटो न बघता सांगतो. पत्र्यावर सरळ निकेल, तोही पाच-सात मिनिटं, आणि वर क्रोम. तांबं घातलेलंच नाही.

क्रोमचा थर किती असतो? शोभेच्या कामाला पाव ते अर्धा मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन. म्हणजे ज्याच्या नावाने आपण पैसे मोजतो तो क्रोम केसाच्या शंभराव्या भागाएवढाही नसतो. तो निळसर झाक देतो, ओरखड्यापासून वाचवतो, काळवंडू देत नाही. पाणी अडवायचं काम खालच्या निकेलचं.

आता निकेलची एक खोड ऐका. जस्त लोखंडावर बसलं की स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, म्हणून बादलीला ओरखडा गेला तरी ती लगेच सडत नाही. निकेल तसा नाही. तो नुसतं पांघरूण घालतो. पांघरुणाला टाचणीएवढं भोक पडलं आणि पाणी आत गेलं, की निकेल शाबूत राहतो आणि लोखंड खाल्लं जातं. चारही बाजूंच्या निकेलचा मारा त्या एका भोकावर. म्हणून तुम्हाला ठिपके दिसले, सरसकट गंज दिसला नाही.

चालू हौदात नेहमीच्या करंटला निकेल मिनिटाला साधारण पाऊण ते एक मायक्रॉन चढतो. उन्हापावसात फिरणाऱ्या बंपरला २५-३० मायक्रॉन हवा. म्हणजे अर्धा तास तरी हौदात. पण निकेलच्या पाण्यात ब्राइटनर (चमक आणणारं रसायन) असतो, त्यामुळे चमक पाचव्या मिनिटालाच येते! गिऱ्हाईक चमक बघून पैसे देतं. उरलेली पंचवीस मिनिटं कुणाची वाचली ते तुम्हीच बघा. निकेल महाग आहे.

आणि चार दिवसांत बंपर परत आला म्हणजे बफवर (घासून चकाकी आणायच्या चाकावर) कुणी बसलंच नाही. जुना बंपर आला की आधी तेल-ग्रीस काढायचं, हायड्रोक्लोरिकमध्ये जुना क्रोम उतरवायचा, मग सल्फ्युरिकमध्ये उलटा करंट देऊन निकेल उतरवायचा. तेव्हा खरा पत्रा दिसतो, आणि बहुतेक वेळा मालकाला रडू येतं. पोचे डेंटरकडून काढायचे. खड्डे खोल असतील तर पितळेने झाळून किंवा वेल्डिंगने भरायचे. लांबी (पुट्टी) चालत नाही. लांबीतून करंट जात नाही, तिथे धातू बसतच नाही. मग एमरीची चाकं, जाड दाण्यापासून बारीककडे. मग काथ्याचा बफ, मग कापडाचा. एका वाकड्यातिकड्या बंपरला चांगल्या कारागिराचा एक पूर्ण दिवस बफवर जातो. दोन गेले तरी नवल नाही.

मग तांबं. पहिलं पातळ तांबं सायनाइडच्या हौदात, कारण लोखंड थेट ॲसिड कॉपरमध्ये घातलं तर तांबं नुसतं चिकटल्यासारखं बसतं आणि हाताने पुसलं जातं. त्यावर ॲसिड कॉपरचा जाड थर. बारीक खड्डे हा थर भरतो. ते तांबं पुन्हा बफ करायचं. पुन्हा खड्डा दिसला तर पुन्हा तांबं. नुसत्या तांब्यात बंपर बघायला मिळाला तर जरूर बघून या, देवघरातल्या समईसारखा दिसतो. त्या वेळी जो दोष दिसेल तो क्रोममध्ये दुप्पट दिसणार. मग निकेल, मग क्रोमच्या हौदात दोन-तीन मिनिटं. झालं.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण सगळे विसरतात. बंपरच्या मागच्या बाजूला निकेल जेमतेम पोचतो. करंट समोरच्या कडांकडे धावतो, पाठ उपाशी राहते. घरी आणल्याबरोबर मागून प्रायमर आणि चंदेरी रंग मारा. मगच गाडीला लावा.

तिरपागडा

काका, हे सगळं वाचून मला माझ्या स्टीलच्या डब्याबद्दल आदर वाटायला लागलाय.

रसायनी

काकांना साष्टांग. शाळेत ‘विद्युत विलेपन’ शिकवताना मी चमच्यावर तांबं चढवून दाखवते. आता पुढच्या वेळी बंपर नेईन.

पंकज, गोणी देण्याआधी एक काम कर. प्रत्येक वस्तू कशाची बनलीये ते बघ. ‘चमकतं ते क्रोम’ हे धरून चालू नकोस. घरातलं लोहचुंबक घे. चिकटलं तर बहुधा लोखंडी पत्रा. (निकेल स्वतः चुंबकाला ओढतो, पण इतक्या पातळ थराची ओढ हाताला जाणवत नाही.) नाही चिकटलं तर मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला कानशीने बारीक घासून बघ. पिवळं दिसलं तर पितळ. राखाडी आणि हाताला जड असेल तर मॅझॅक (जस्ताचा मिश्रधातू). पांढरट आणि हलकं असेल तर ॲल्युमिनियम. कठीण, चमकदार आणि कुठेच थर दिसत नसेल तर स्टेनलेस. वजनाने ओळखणं सोपं आहे: तेवढ्याच आकाराच्या ॲल्युमिनियमपेक्षा मॅझॅक जवळजवळ अडीच पट जड असतं.

हे आधी का करायचं? ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्याच्या हौदात गेलं तर फेस येतो आणि वस्तू विरघळते. मॅझॅक म्हणजे जस्तात साधारण चार टक्के ॲल्युमिनियम. ते हायड्रोक्लोरिकमध्ये सोडलं तर तेही विरघळतं. हौदावरच्या पोऱ्याला गोणीतली प्रत्येक वस्तू सारखीच दिसते.

सांगलीचा_पंक्या

रविवार सार्थकी लागला. आईने विचारलं, फ्रिजवरचं चुंबक कुठे गेलं.

निकाल असा: बंपर, गार्डं, व्हीलकप लोखंडी. हेडलाइटच्या रिंगा पितळेच्या! साठ वर्षांत आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. दारांची हँडलं, डिकीचं हँडल आणि बिल्ला राखाडी, जड, म्हणजे मॅझॅक. बाजूच्या पट्ट्या ॲल्युमिनियम. काचेच्या चौकटी स्टेनलेस.

म्हणजे पट्ट्या आणि चौकटी मी उगाचच प्लेटिंगला देणार होतो?

भोसरीकर_काका

उगाच म्हणजे, देऊन हरवून बसला असता. स्टेनलेसला फक्त बफ. पोचे असतील तर आतून लाकडी ठोकणीने हळूहळू काढा, मग बफ, झाली नवी. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर कारखान्यात ॲनोडायझिंग (विजेने तयार केलेला ऑक्साइडचा संरक्षक थर) केलेलं असतं. तो थर उतरवून, पॉलिश करून पुन्हा ॲनोडाइज करणारे वेगळे लोक असतात. त्यांच्याकडे द्या. त्याला क्रोमसारखी झळाळी येणार नाही आणि यायलाही नको, मुळात नव्हतीच.

रिंगा पितळेच्या निघाल्या हे नशीब. पितळेला गंज नाही, तांब्याचा जाड थर नाही घातला तरी चालतं, आणि वर निकेल-क्रोम सुरेख बसतो.

मॅझॅकवर नंतर लिहितो. नातू आलाय.

गाडीवेडा_नाना

काका येईपर्यंत माझी जखम दाखवतो. माझ्याकडे १९५६ ची लँडमास्टर आहे. तिच्या बोनेटवरचा बिल्ला प्लेटिंगला दिला. परत आला तो चकचकीत, गुळगुळीत आणि निरक्षर! अक्षरांच्या कडा बफवर गेल्या होत्या. शेवटच्या दोन अक्षरांची नुसती टेंगळं उरली. खड्डे गेले, खरं आहे, पण त्यांच्याबरोबर बिल्लाही गेला. तो साचा आता जगात कुणाकडे नाही. शेवटी जुन्या बाजारातून दुसरा मिळाला, जास्त खड्ड्यांचा, आणि तो मी तसाच लावलाय. लोक विचारतात, हा का नाही केला? मी म्हणतो, वाचता येतोय ना?

तर पंक्या, अक्षरं, रेघा, धारदार कडा असलेल्या वस्तूचे आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढ. कागदावर पेन्सिल घासून ठसा घे. प्लेटिंगवाल्याला लिहून दे की अक्षरांवर चाक लावायचं नाही, हाताने करायचं. आणि तो “हो हो साहेब” म्हणाला तरी लिहूनच दे.

भोसरीकर_काका

नाना बरोबर बोलले. बफवाला तासावर काम करतो. चाक फिरतं तेव्हा त्याला खड्डा दिसतो, अक्षर दिसत नाही.

मॅझॅकचं ऐका. बिल्ल्यावर बारीक फोड आलेत ना, फुटकुळ्यांसारखे? ते वरून आलेले नाहीत. पाणी भोकातून आत जातं, जस्त सडून त्याची पांढरी भुकटी होते, ती फुगते आणि वरचा थर उचलते. फोड फोडला की खाली खड्डा. तो खड्डा नुसता घासून जात नाही, कारण त्याच्या तळाशी सडलेली भुकटी असते. ती सगळी, अगदी बारीक ड्रिलने, दाताच्या डॉक्टरसारखी कोरून काढावी लागते. मग सायनाइड तांब्याचा थर, मग खड्ड्यात कमी तापमानाला वितळणारा डाग (सोल्डर) भरायचा, घासायचं, पुन्हा तांबं. मॅझॅक ३८० अंशांच्या आसपासच वितळायला लागतं, त्यामुळे साधा गॅसचा बर्नर घेऊन बसलात तर हँडलाचा पेढा होईल.

हे करणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि एका हँडलाला बंपरएवढे पैसे मागतील. ते रास्त आहेत. तरीही दहातली एखादी वस्तू जाणारच, हे मनाशी धरूनच द्या. आतून किती सडलंय ते थर उतरवल्याशिवाय कुणालाच कळत नाही.

मांडवीकाठ

नमस्कार. मी पणजीत राहतो. इथे खारं वारं. माझ्या १९६८ च्या ॲम्बेसेडरचा बंपर दर तीन वर्षांनी करतो, नियमाने, जसा गणपतीला घराला रंग. काका म्हणतात तसे २५ मायक्रॉन समुद्राजवळ पुरतील का?

रसायनी

मीठ हा निकेलचा मोठा शत्रू. क्लोराइड नेमकं बारीक भोकातच काम करतं. समुद्राकाठी ‘ड्युप्लेक्स’ निकेल मागा. दोन थर: खाली सेमी-ब्राइट, ज्यात गंधक जवळजवळ नसतं, आणि वर ब्राइट, ज्यात ब्राइटनरमुळे थोडं गंधक उतरलेलं असतं. गंधकवाला थर आधी खाल्ला जातो. म्हणजे गंज वरच्या थरात आडवा पसरतो, खालचा थर ओलांडून लोखंडापर्यंत पोचायला त्याला फार वेळ लागतो. चोराला ओसरीवरच गुंतवून ठेवल्यासारखं. मोठ्या वाहन कारखान्यांत हे नेहमीचं आहे. छोट्या दुकानात दोन वेगळे निकेलचे हौद आहेत का, एवढं विचारा. एकच असेल तर ड्युप्लेक्सच्या गप्पा फोल.

आणि गोडं पाणी! पावसात, समुद्रावर गाडी फिरवून आणली की गोड्या पाण्याने धुवा, पुसा, मेण लावा. चिंच-मीठ, राख, तांब्यापितळेची पावडर यातलं काहीही क्रोमला नको.

मांडवीकाठ

बायको तीन वर्षं चिंचेनेच घासते आहे. आता हे घरी कोण सांगणार?

तिरपागडा

तुम्ही सांगू नका. धागा दाखवा.

करवीर_०९

अवांतर, पण राहवत नाही. इथे सगळे ‘व्हिंटेज म्हणजे क्रोम’ धरून चालले आहेत. मोटारींवर क्रोम आला तो १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधी निकेलच असायचा, पिवळसर ऊब असलेला, आठवड्याला पुसावा लागणारा. रॅलींमध्ये १९२२-२३ च्या गाड्यांचे रेडिएटर निळसर क्रोमने लखलखताना बघितले की नऊवारीवर गॉगल बघितल्यासारखं होतं. कुणाकडे तेवढी जुनी गाडी असेल तर तिथे निकेलवरच थांबा, पैसेही वाचतील.

आमच्या कोल्हापुरात दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक बाहेर पडते. तीस सालानंतरची गाडी, तिला क्रोम शोभतो. लहानपणी आम्ही तिच्या दिव्यांमध्ये आपली तोंडं बघायचो.

अभ्या_गॅरेज

बरं स्प्रे नको. पण इंटरनेटवर घरी प्लेटिंग करायचं किट मिळतं. बॅटरी चार्जर, बादली, पाणी. गच्चीवर करता येईल ना? नट-बोल्ट तरी?

भोसरीकर_काका

अभ्या, थट्टा करत नाही, नीट वाच.

जुन्या पद्धतीच्या क्रोमच्या हौदात क्रोमिक ॲसिड असतं, लिटरला अडीचशे ग्रॅमच्या आसपास. केशरी-लाल पाणी. करंट दिला की त्यातली थोडीशीच वीज क्रोम बसवते, बाकीच्या विजेने पाण्याचे बुडबुडे होतात, आणि प्रत्येक बुडबुडा फुटताना ॲसिडचा बारीक फवारा हवेत सोडतो. आमच्या सुरुवातीच्या दुकानात हौदावर धुराडं नव्हतं. माझ्याबरोबर लागलेल्या दोघांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडलं. दुखतही नाही, कळतही नाही. एक दिवस डॉक्टरने टॉर्च लावला तेव्हा कळलं. मी वाचलो कारण मी बफवर होतो. तिथे धूळ खाल्ली, ती गोष्ट निराळी.

रसायनी

त्या ॲसिडातला क्रोमियम सहा संयुजेचा (हेक्साव्हॅलंट) आहे आणि तो कर्करोगकारक असल्याचं सिद्ध झालेलं आहे. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. आता बादलीभर पाणी गच्चीच्या पन्हाळीतून सोडलं तर काय, याचं गणित कर. कारखान्यात ते पाणी आधी आम्ल करून, मेटाबायसल्फाइट घालून तीन संयुजेचं करतात, मग चुन्याने गाळ खाली बसवतात, आणि तो गाळही घातक कचरा म्हणून वेगळा द्यावा लागतो. इलेक्ट्रोप्लेटिंग प्रदूषण मंडळाच्या लाल वर्गात, म्हणजे सर्वांत प्रदूषणकारी उद्योगांत, आहे ते उगाच नाही. गल्लीतली दुकानं बंद पडली म्हणून आपण हळहळतो, पण त्यांचं पाणी कुठे जात होतं हे आपण कधी विचारलं नाही.

बोल्टचं म्हणशील तर आणखी एक धोका. ॲसिड आणि प्लेटिंगमध्ये हायड्रोजन कठीण पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. स्प्रिंगा, जास्त ताकदीचे बोल्ट प्लेटिंगनंतर लगेच २०० अंशांच्या आसपास काही तास भट्टीत ठेवावे लागतात. नाहीतर दिसायला ठणठणीत आणि एके दिवशी कट्!

अभ्या_गॅरेज

बरं बाबा. बादली परत न्हाणीघरात ठेवली.

नेकार_काठी

स्टुटगार्टहून. इकडे युरोपात क्रोमिक ॲसिडवर २०१७ पासून परवानगीची अट आहे, त्यामुळे अनेक जण तीन संयुजेच्या क्रोमकडे वळलेत. काम चांगलं होतं, पण रंगात फरक पडतो, थोडी गडद झाक येते. माझ्या जुन्या बीटलचा एक व्हीलकप नव्या पद्धतीने केला, तीन जुने. संध्याकाळच्या उन्हात चौघांतला तो एक पाहुणा ओळखू येतो. कुठल्याही पद्धतीने करा, पण सगळं एकाच ठिकाणी, एकाच वेळी द्या.

सांगलीचा_पंक्या

मंडळी, धागा वर काढतोय. दोन महिने झाले.

काकांनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) तीन पत्ते दिले. पहिल्याने दुकान बंद केलंय, तिथे आता मोबाइल दुरुस्तीवाला बसतो. दुसरा म्हणाला, “साहेब, एका बंपरसाठी हौद थांबवत नाही, हजार नग असतील तर बोला.” खरंच आहे त्याचं, त्याच्याकडे नळांचं काम चालतं. तिसऱ्याने मात्र बंपर हातात घेतला, उलटा केला, पाठ बघितली आणि विचारलं, “हा आधी कुणी खराब केलाय?” तिथेच मी ठरवलं.

त्याने थर उतरवायलाच आठ दिवस घेतले. मग फोन आला, येऊन बघा. गेलो. मागच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यात चाळणी! वरच्या जुन्या क्रोममधून आठ-दहा ठिपके दिसत होते, खाली अक्षरशः चाळणी. तो म्हणाला, पितळेने भरतो, पण एवढे तास लागतील, एवढे पैसे. आकडा इथे लिहीत नाही, घरचेही हा धागा वाचतात. पुढच्या बंपरला आधीच्या प्लेटिंगखाली गंज तसाच ठेवलेला निघाला, म्हणजे जुना थर न उतरवताच वर चढवला होता. एका पावसात ते का उखडलं, ते आता कळलं.

तांब्यातला बंपर बघायला मी मुद्दाम रजा टाकून गेलो. काका, समईच! तिथेच थांबवावं असं वाटलं. त्या माणसाने मला बोट फिरवायला सांगितलं, डोळे मिटून. “डोळ्याला फसवता येतं, बोटाला नाही,” म्हणाला. एका जागी किंचित लाट लागली. त्याने खडूने खूण केली आणि बंपर पुन्हा बफवर टाकला.

एकूण सहा आठवडे. आता वाईट बातमी. डिकीचं हँडल गेलं. थर उतरवल्यावर आतून ते बिस्किटासारखं निघालं, हातात तुकडे आले. त्याने तुकडे कागदाच्या पुडीत बांधून परत दिले, पैसे घेतले नाहीत. चिडायला काही कारणच सापडलं नाही. दारांची हँडलं वाचली. बिल्ल्याला नानांचं ऐकून चाकच लावलं नाही, आठ-दहा खड्डे राहिलेत, पण सगळी अक्षरं जागेवर आहेत.

गाडीवेडा_नाना

शाब्बास. डिकीच्या हँडलासाठी नाना पेठेत चौकशी कर, आणि रविवारी जुन्या बाजारात सकाळी सातच्या आत जा. आठनंतर तिथे फक्त माझ्यासारखे गप्पा मारणारे उरतात. मिळालं तर प्लेटिंगला देऊ नकोस, तसंच लाव. आणि पुडी टाकू नकोस. त्या तुकड्यांवरून साचा करून पितळेत ओतून घेता येईल.

करवीर_०९

ओतकाम आमच्याकडे पाठवा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका नगाला नाही म्हणणार नाहीत, चहाही पाजतील. पितळेत केलंत तर पुढच्या पिढीला मॅझॅकचं दुखणं नको.

मांडवीकाठ

अभिनंदन! थराची जाडी मोजून घेतली का? माझ्या मित्राकडे गाडीच्या रंगाची जाडी मोजायचं मीटर आहे, ते लावून बघावं म्हणतो.

रसायनी

ते मीटर इथे फसवेल. ते लोखंड आणि वरच्या चुंबकीय नसलेल्या थरातलं अंतर मोजतं, आणि निकेल स्वतःच चुंबकीय. आकडा येईल, पण खोटा. निकेलसाठी वेगळी पद्धत लागते, प्रयोगशाळेत. तुम्ही आपला तो हौदात किती मिनिटं होता ते विचारा, तेवढं पुरे.

तिरपागडा

वहिनींना चिंचेचं सांगितलंत का?

मांडवीकाठ

सांगितलं. आता बंपर मी पुसतो. कायमचा.

सांगलीचा_पंक्या

काल संध्याकाळी सगळं गाडीला चढवलं. आई पायरीवर बसून बघत होती. काहीच बोलली नाही. मग उठून मागच्या बंपरपाशी गेली, पदराने एक कोपरा पुसला आणि म्हणाली, “इथे तुझ्या आजोबांनी गाडी विहिरीच्या कठड्याला घासली होती. तो पोचा काढलास होय रे?”

मला माहीतच नव्हतं. डेंटरने काढला असणार.

फोटो टाकतोय, या वेळी दिसतील. कोंबड्यांचा पण आहे, जुना, ब्लॅक अँड व्हाइट.

गाडीवेडा_नाना

कोंबडी झकास. गाडीही बरी आहे.

भोसरीकर_काका

फोटो मोठा करून बघितला. कडांवर झाक सारखी आहे, खोबणीत पिवळं राहिलेलं नाही, म्हणजे क्रोमही नीट पोचलाय. चांगलं काम आहे, त्या माणसाला माझा नमस्कार सांगा.

मागून रंग मारलात का?

सांगलीचा_पंक्या

...

भोसरीकर_काका

काढा तो बंपर.